गजभियेसाठी थंड हवा

मुंबईत थंड हवा विकत मिळते, खोक्यात भरून घरपोच येते आणि ती बसवून घेतली की माणसाची वाट लागते, हे सगळं ज्ञान मला एकसष्टाव्या वर्षी झालं. त्याआधी मी फार सुखात होतो असं नाही. पण माझ्या गाडीच्या बॉनेटखाली नक्की काय आहे हे मला ठाऊक नव्हतं, आणि तेवढं सुख पुरेसं होतं.

गाडी चौदा वर्षांची, लहानशी, चॉकलेटी रंगाची. मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत अकरा नंबरच्या जागेत उभी असते आणि आठवड्यातून दोनदाच बाहेर पडते, सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी पावणेसातला. ड्रायव्हरच्या जागी मी, नंदू घाडी. शेजारी अंबादास गजभिये. तो बी विंगेत तळमजल्यावर एकटा राहतो. आम्ही दोघं पोस्टात एकतीस वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर बसलो आणि एकमेकांना आडनावानेच हाक मारत आलो. आता या वयात ‘नंदू’ आणि ‘अंबादास’ सुरू केलं तर दोघांनाही लाज वाटेल.

गजभियेच्या दोन्ही किडन्या गेल्यात. घाटकोपरच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये त्याची वेळ साडेसात ते साडेअकरा. उशीर झाला तर तेवढा वेळ कमी होतो. त्यात सेंटरवाल्यांचीही चूक नाही, कारण साडेअकराचा पेशंट सव्वाअकरालाच दारात येऊन उभा असतो आणि त्याचेही पाय सुजलेले असतात. गजभिये आत मशीनवर असतो तेव्हा मी बाहेर बाकावर बसून पेपर वाचतो. चार तास एक पेपर वाचायचा म्हणजे शेवटी माणूस वधूवरांच्या जाहिरातींपर्यंत पोचतो. मुलुंडमध्ये कोणाला कसा मुलगा हवा आहे, हे आज माझ्याइतकं कोणालाच माहीत नसेल.

जायच्या वाटेवर मात्र मजा असायची. गजभियेने आयुष्यभर सॉर्टिंगला पत्रं लावली, त्यामुळे त्याला गावं नावाने कळतच नाहीत, पिनकोडच्या शेवटच्या दोन आकड्यांनी कळतात. आमचं मुलुंड म्हणजे एक्याऐंशी. हायवेला लागलो की थोड्या वेळाने तो म्हणायचा, “बेचाळीस आलं,” म्हणजे कांजूर. मग त्र्याऐंशी, म्हणजे विक्रोळी. मग सत्त्याहत्तर, घाटकोपर, तिथे मी डावा इंडिकेटर देऊन हायवे सोडायचो. एक्याऐंशी ते सत्त्याहत्तर आम्ही भांडायचो. जुन्या पोस्टमास्तरवरून, क्रिकेटवरून, अठ्ठ्याण्णव साली दिवाळीची रजा कोणी कोणाची खाल्ली यावरून. ती रजा त्यानेच खाल्ली होती. हे मी आजही कुठेही सांगायला तयार आहे.

त्याची मुलगी संघमित्रा नागपूरला शाळेत मुख्याध्यापिका आहे. तिच्या घरापासून पाच मिनिटांवर हॉस्पिटल. बाबांनी नागपूरला यावं म्हणून ती दोन वर्षं मागे लागली होती आणि दोन वर्षं गजभियेचं उत्तर एकच, “काहून येऊ? इथं घाडी हाय ना गाडी घेऊन.” मे महिन्यात तिने मला फोन केला. “काका, मी बाबांना ओढून नेणार नाही. पण दोनदा जरी उशीर झाला ना, तरी मी येऊन घेऊन जाईन. मग तुम्ही मधे बोलायचं नाही.” मुख्याध्यापिकेचा आवाज होता. मी उभा राहून “हो” म्हणालो.

आणि त्याच मे महिन्यात गाडी मरगळायला लागली. एसी लावला की विक्रोळीच्या पुलावर चढताना तिला धाप लागायची, मागून ट्रकवाले हॉर्न देऊन देऊन माझ्या आईवडिलांची आठवण काढायचे. मग एसी बंद. मग गजभियेला घाम. आणि त्याला दिवसाला मोजून पाऊण लिटर पाणी, त्यामुळे घाम आला तरी वरून प्यायची सोय नाही. बिचारा ओल्या रुमालाने मान पुसत बसायचा. तक्रार केली नाही कधी. एकदाच म्हणाला, “घाडी, तुझी गाडी चढावर माझ्यासारखी करते बे.”

ते मला लागलं. इतकं लागलं की मी सुयोगला विचारलं, आणि इथून सगळं बिघडलं.

सुयोग आमच्या चौथ्या मजल्यावर राहतो. पस्तिशीचा, मालाडच्या कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करतो, पण त्याचा जीव गाड्यांमध्ये. त्याने बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं.

“काका, गाडीचा श्वास कोंडलाय.”

“म्हणजे?”

“हा काळा डबा बघा. इंजिन याच्यातून हवा घेतं. पण इथली हवा गरम. गरम हवा खाऊन इंजिन दमतं. आपण हा डबा काढायचा, जाड पाइप टाकायचा, टोकाला मोठा फिल्टर, आणि त्याचं तोंड पुढे बंपरकडे. डायरेक्ट थंड हवा! कोल्ड एअर इनटेक म्हणतात. तुमची गाडी पूल कसा चढते बघाच. एकदम झकास!”

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. रत्नप्रभा कोकमाची सोलं निवडत होती. चाळीस वर्षं मुंबईत काढूनही रागावली की ती मालवणीतच बोलते. “थंड हवा? मुंबयत? खंय गावली ती? माका पण दाखवा, मी थंयच जावन बसतंय.”

गजभियेला सांगितलं तर तो म्हणाला, “काहून छेडतो तिला? चालून राहिली ना.”

दोन्ही माणसं बरोबर होती. पण मी ठरवलं होतं. माणूस एकदा दुसऱ्याच्या भल्यासाठी काही करायला निघाला की त्याला आवरणं कठीण असतं.

खोकं आलं. रविवारी सकाळी सुयोग हत्यारं घेऊन खाली उतरला आणि आम्ही बॉनेट उघडतो न उघडतो तोच सेक्रेटरी नलिनीबाई प्रभू जिन्यात उभ्या. हातात सोसायटीच्या नियमांची पुस्तिका. ती त्यांच्या हातात कायम असते, देवळातही असते असं म्हणतात.

“घाडी, आवारात वाहनदुरुस्ती करायची नाही. नियम एकोणीस.”

“दुरुस्ती नाही हो, सुधारणा आहे.”

“मग फेरफार झाला. फेरफाराला अर्ज लागतो.”

मी पोस्टातला माणूस, अर्जाला भीत नाही. वर जाऊन लिहून आणला. विषय: वाहनाच्या श्वसनव्यवस्थेत बदल करण्याबाबत. नलिनीबाईंनी तो दोनदा वाचला, श्वसनव्यवस्था या शब्दाखाली रेघ मारली आणि सांगितलं की कमिटीची मीटिंग पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे. मग आम्ही गाडी ढकलत फाटकाबाहेर नेली. एकसष्ट वर्षांचा पेन्शनर रविवारी सकाळी स्वतःची चालू गाडी ढकलतोय, आणि अख्खी सोसायटी गॅलरीत चहाचे कप घेऊन उभी. दोघांनी वरून विचारलं, “बंद पडली का हो?” मी वर न बघता “नाही” म्हणालो. त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही.

तीन तास लागले. सुयोग मोबाइलवर बघून बघून एकेक बोल्ट फिरवत होता. शेवटी पाइप बसला, टोकाला लाल फिल्टर बसला, आणि माझ्या तळहातावर तीन स्क्रू उरले.

“सुयोग, हे?”

“कंपनी एक्स्ट्रा देते काका.”

स्क्रू जुने होते, त्यांना चौदा वर्षांचा गंज होता. पण मी ते घरी नेऊन पेनस्टँडमध्ये ठेवले. काळा डबा रत्नप्रभाने मागून घेतला.

खरं सांगतो, पहिला सोमवार सोन्याचा होता. एसी चालू आणि गाडी विक्रोळीचा पूल चढली! धाप नाही, मरगळ नाही. गजभिये डोळे मिटून वाऱ्याच्या झोतासमोर मान पुढे करून बसला होता. “वा रे घाडी,” म्हणाला. मग थोड्या वेळाने, “पण हे आवाज काहून करून राहिली? अंगात आल्यावानी.” आवाज होता हे खरं. पेडल दाबलं की बॉनेटखालून मोठा घोरल्यासारखा आवाज यायचा. मला तो गोड वाटला. आम्ही दहा मिनिटं आधी पोचलो आणि मी बाकावर बसून पेपर न उघडता नुसता हसत राहिलो.

संध्याकाळी बोर्डावर सूचना लागली. ‘एका सभासदाच्या वाहनाच्या डरकाळीमुळे ज्येष्ठ नागरिक व मांजरे घाबरत आहेत. सदर सभासदाने नोंद घ्यावी.’ नाव नव्हतं, पण ज्याने त्याने वाचून माझ्याकडेच बघितलं. मांजरांच्या वतीने कोणी सही केली होती कोण जाणे.

मंगळवारी मी बॉनेट उघडून फिल्टरला नुसतं बघायला गेलो, आणि पाइपच्या रबरावर दातांच्या खुणा! उंदीर. आमच्या पार्किंगमधल्या उंदरांनी आजवर दोन गाड्यांच्या वायरी आणि एका स्कूटरची सीट खाल्ली आहे. त्यावर मुंबईत सगळ्यांना ठाऊक असलेला एकच इलाज, इंजिनात तंबाखू. मीही कित्येक वर्षं मोज्यात दोन पानं बांधून ठेवायचो. पण आता आत नवीन लाल फिल्टर होता, गजभियेची थंड हवा होती. दोन पानांनी काय होणार? मी बाजारातून पाव किलो तंबाखू आणला, रत्नप्रभाच्या जुन्या परकराची पिशवी शिवली, जागोजागी भोकं पाडली म्हणजे वास पसरेल, आणि ती नेमकी फिल्टरच्या तोंडाशी बांधली. जिथे जास्त राखण हवी तिथे. कोणीही शहाणा माणूस तेच करेल, असं मला त्या दिवशी वाटलं.

गुरुवारी हायवेला लागेपर्यंत सगळं ठीक होतं. मग गाडीत वास यायला लागला. गजभियेने नाक वर केलं. नागपूरचा माणूस, तीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्लेला. डॉक्टरांनी सात वर्षांपूर्वी सोडायला लावला तेव्हा आठवडाभर ऑफिसात कोणाशी बोलला नव्हता.

“घाडी,” तो हळूच म्हणाला, “काच नको उघडू.”

“का रे?”

“सात वर्षांनी भेटून राहिली बे ही.”

मला हसू आलं. तेवढ्यात गाडी शिंकली. दुसरी शिंक, तिसरी शिंक, समोर इंजिनचा पिवळा दिवा, आणि बरोबर बेचाळीसला, कांजूरच्या पुढे, गाडी थांबली. सुयोगला फोन लावला. “काका, फिल्टर काढून झटका!” मी बॉनेट उघडलं. पावडर झालेला सगळा तंबाखू फिल्टरने ओढून घेतला होता, लाल फिल्टर खाकी झाला होता. मी तो रस्त्याच्या कडेला धरून झटकला आणि वारा माझ्याकडे होता. पुढची पाच मिनिटं मी, गजभिये आणि गाडी, तिघंही शिंकत होतो. हायवेवर रिक्षा थांबत नव्हत्या. शेवटी गाडी कशीबशी चालू झाली आणि उजव्या बाजूने सगळी मुंबई आम्हाला मागे टाकत गेली. पन्नास मिनिटं उशीर. पन्नास मिनिटं कापली.

परत येताना गजभिये म्हणाला, “पोरीला सांगू नको.”

“मी कशाला सांगतोय?”

संध्याकाळी तिचा फोन आला, “बाबा, वेळेवर पोचलात ना?” आणि या हरिश्चंद्राने सांगून टाकलं. म्हणे तोंडातून खोटं निघालंच नाही. दिवाळीची रजा खाताना कसं निघालं होतं? मी तसं त्याला विचारलंही. पण मला दिसलं की तोही घाबरला होता.

एक उशीर झाला होता. एकच उरला होता.

मी ठरवलं, गेला तो पाइप खड्ड्यात, जुना डबा परत लावायचा. “रत्नप्रभा, तो काळा डबा कुठे आहे?” तिने गॅलरीकडे बोट दाखवलं. डब्यात पुदिना उगवला होता. पाणी झिरपायला तिने तापलेल्या उलथन्याने खाली सहा भोकं पाडली होती.

“अगो, हे काय केलंस!”

“तुमीच म्हणालात नको म्हणून. आता माका ओरडतात! पुदिनो बघा कसो इलो हा.”

भांडुपला नितेशचं गॅरेज आहे, चांगला मेकॅनिक. त्याच्याकडे गेलो तर रांगेत सात गाड्या. “पुढच्या शनिवारी आणा. तोवर फिल्टर धुऊन, वाळवून, तेल लावून चालवा हळूहळू. याला तेल लागतंच, नाहीतर धूळ आत जाते.” तेल कुठलं, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कोकणातल्या माणसाने तेल म्हटल्यावर अजून काय विचारायचं? रविवारी मी फिल्टर शाम्पूने धुतला, गॅलरीत पुदिन्याशेजारी वाळवला आणि त्याला खोबरेल तेल लावलं. चोपडून चोपडून लावलं, लहान मुलाच्या टाळूला लावतात तसं. कमी पडायला नको म्हणून रात्रभर मुरू दिलं.

सोमवारी आम्ही पाऊण तास आधी निघालो. मी म्हटलं, आता उशीर होणंच शक्य नाही.

हायवेला लागलो आणि गाडीत ओल्या नारळाच्या करंज्या तळल्याचा वास सुटला. गजभिये म्हणाला, “भूक लागली बे.” मी आरशात पाहिलं. मागे पांढरा धूर, त्या धुरात एक टेम्पो, आणि टेम्पोवाला हातवारे करत होता. पुढे ट्रॅफिक हवालदाराने हात केला.

“काका, गाडीत काय तळताय?”

मी पीयूसीचा कागद दाखवला. तो महिन्याभरापूर्वीचा, छान पास झालेला. हवालदाराने कागदाकडे पाहिलं, मग धुराकडे पाहिलं, मग बॉनेट उघडायला लावलं. “हा पाइप काय आहे? आरसी बुकात नोंद आहे का?”

“पाइपची कशी असेल हो नोंद?”

“मग फेरफार झाला. परवानगी लागते.”

हे वाक्य ऐकल्यावर मला क्षणभर नलिनीबाईच वेषांतर करून आल्यासारखं वाटलं. मी विनवण्या करायला लागलो. डायलिसिस आहे साहेब, वेळ कापतात साहेब. एकतीस वर्षं सरकारी नोकरीत मी कोणाला इतक्यांदा साहेब म्हटलं नव्हतं. गजभियेने शर्टाची बाही वर केली आणि सुया टोचून टोचून दोरखंडासारखी फुगलेली शीर दाखवली. हवालदार चांगला माणूस होता. चटकन मागे सरला. “जा, जा काका, आधी जा. नंतर काढून टाका ते.”

मी चावी फिरवली. गाडी चालू होईना. पुन्हा फिरवली. अहो, एकदा तरी! नाहीच.

शेवटी हवालदारानेच रस्त्यात आडवं उभं राहून एक रिक्षा थांबवली. पण गाडी हायवेवर सोडून मला जाता येईना, टोइंगवाला येईपर्यंत थांबा म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा गजभिये एकटा गेला. रिक्षातून त्याने हात बाहेर काढून हलवला, आणि तो हात मला लांबपर्यंत दिसत राहिला. मी तिथेच कठड्याला टेकून उभा होतो. अंगाला खोबरेलाचा वास येत होता आणि मला माझीच इतकी चीड आली की मी गाडीला लाथ घातली. लागलं मलाच.

तो एक तास दहा मिनिटं उशिरा पोचला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला, शब्द तुटत होते. मी धावत बी विंगेत गेलो. पाय सुजलेले, दोन उशांना टेकून बसलेला, आणि श्वास पुरत नव्हता. आठवडाभर मी गाडीच्या श्वासाच्या मागे होतो. रत्नप्रभाने रिक्षा आणली, तिने आणि मी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं. तिने एका शब्दाने मला काही सुनावलं नाही. यावरून काय ते समजा.

दोन दिवस हॉस्पिटलात ठेवलं. संघमित्रा विमानाने आली. मी वॉर्डाबाहेर उभाच होतो, शिव्या खायच्या तयारीने. ती आली, माझ्या हातातला जेवणाचा डबा घेतला आणि म्हणाली, “काका, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही दोन वर्षं जे केलं ते मला मुलगी असून जमलं नाही.” ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी भांडता येतं.

पुढच्या मंगळवारची नागपूरची दुपारची गाडी ठरली, टिळक टर्मिनसहून, म्हणजे गजभियेच्या हिशेबात एकोणनव्वदहून. गजभियेने या वेळी “काहून” विचारलं नाही. फक्त म्हणाला, “स्टेशनवर घाडी सोडून देईल.” संघमित्राने माझ्याकडे पाहिलं. तिला काय म्हणायचं होतं ते कळत होतं, पण ती म्हणाली नाही. चांगल्या घरातली मुलगी.

त्या शनिवारी नितेशकडे माझा नंबर लागला. रांगेतल्या सातही गाड्या बऱ्या होऊन घरी गेल्या होत्या. त्याने सगळा पाइप उतरवला आणि विचारलं, “याचे तीन स्क्रू कुठायत?” मी खिशातून काढून दिले. मग त्याने फिल्टर नाकाशी धरला.

“तेल कुठलं लावलंत?”

“खोबरेल.”

त्याने शेजारच्या टायरवाल्याला हाक मारून फिल्टर हुंगायला दिला. टायरवाल्याने मला नमस्कार केला.

पण काम त्याने मनापासून केलं. नवीन फिल्टर, त्याचं खरं तेल, सेन्सर साफ, पाइप नीट कसून बांधला. संध्याकाळी म्हणाला, “काका, आता न्या कुठेही. लोणावळ्याचा घाट एसी लावून चढेल.”

मंगळवारी बॅगा डिकीत, संघमित्रा मागे, गजभिये त्याच्या जागेवर. रत्नप्रभाने पुदिन्याची चटणी करून दिली होती, मीठ न घालता, त्याला मीठ चालत नाही म्हणून. नलिनीबाई फाटकापर्यंत आल्या. हातात पुस्तिका नव्हती. त्यांनी गजभियेला नमस्कार केला आणि मला म्हणाल्या, “सावकाश न्या.”

सावकाशच न्यायचं होतं मला! पण त्या दिवशी गाडीला काय झालं होतं कळत नाही. पेडलला नुसता पाय टेकवला की ती निघायची. आवाजसुद्धा नाही. हायवे रिकामा. जन्मात एकही सिग्नल मला कधी हिरवा मिळाला नव्हता, त्या दिवशी सगळे हिरवे. मी चाळीसच्या वर जात नव्हतो तर मागचा ट्रकवाला हॉर्न मारून मला पुढे ढकलत होता.

“बेचाळीस,” गजभिये म्हणाला.

आम्ही भांडलो नाही. मी विषय काढून पाहिला, म्हटलं, “अठ्ठ्याण्णवची रजा तूच खाल्लीस.” तो म्हणाला, “हो बे, मीच खाल्ली.” इतक्या वर्षांनी तो कबूल झाला आणि मला काडीचाही आनंद झाला नाही. उलट वाटलं, कशाला कबूल झाला हा?

“त्र्याऐंशी.” विक्रोळीचा पूल. एसी पूर्ण चालू, आणि गाडी अशी चढली की मागून संघमित्रा म्हणाली, “काका, गाडी तर किती छान आहे तुमची!”

मग सत्त्याहत्तर आलं. ते कोणी म्हणालं नाही. माझा हात आपोआप गेला आणि डावा इंडिकेटर टिकटिकायला लागला. गजभियेने हात लांब करून तो स्वतः बंद केला.

“सरळ, घाडी. आज एकोणनव्वद.”

गाडी सुटायच्या दीड तास आधी पोचलो. संघमित्रा हमाल बघायला उतरली. आम्ही दोघं गाडीतच बसून राहिलो, एसी लावून. दोन वर्षांत आम्ही इतक्या आधी कुठेही पोचलो नव्हतो.

“मस्त थंड हाय,” तो म्हणाला.

“हो.”

“तुझं जमलं बे शेवटी.”

मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि रडलो. त्याने माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या, ऑफिसात पार्सलवर शिक्के मारायचा तशा, आणि उतरला.

पुढच्या सोमवारी सहालाच जाग आली. सवय. आंघोळ केली, शर्ट घातला. रत्नप्रभाने “खंय?” विचारलं नाही, चहा दिला. पावणेसातला मी खाली येऊन गाडीत बसलो. चालू केली नाही. जायचं कुठे होतं? समोर खांबावर अकरा नंबर, त्याच्या वर डरकाळीची सूचना अजून तशीच. बराच वेळ बसलो असेन. साडेसात वाजून गेल्यावर फोन वाजला.

“घाडी? लावलं मशीन. पाच मिनिटांत पोचलो बे घरून.”

“बरं झालं की.”

“काय बरं? बसलं गाडीत की उतराच लागते. बोलाले वेळच नाही भेटत.” मागे मशीनचा बारीक आवाज येत होता. मग तो म्हणाला, “तू कुठं हायस?”

मी समोरच्या अकरा नंबरकडे पाहिलं.

“बेचाळीस,” मी म्हणालो.

“मग हळू चालव,” गजभिये म्हणाला. “मी साडेअकरापर्यंत हाय.”